फरदड नावाचा वाचक

कापूस फुटला की मला राग येतो.

दसरा उलटला, मेहकरच्या पुढे एसटीच्या दोन्ही खिडक्यांतून रानं पांढरी दिसायला लागली, की शेजारच्या सीटवरचं कोणीतरी हमखास म्हणतं, काय सुरेख दिसतं नाही, चांदणं सांडल्यासारखं. लिहिणारे तसं लिहितातही. मी कधी लिहिलं नाही. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी ज्याच्या नखांच्या कडा फाटल्या आहेत, त्याला कापसात चांदणं दिसत नाही. त्याला पुढची ओळ दिसते, तिच्यापुढची ओळ दिसते, आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून घाई करणारा मालक दिसतो.

पण माझा राग त्या ओळींवरचा नाही. तो एका वाचनालयाचा आहे, एका बोर्ड नसलेल्या, पंखा नसलेल्या, दोन कपाटांच्या खोलीचा. आणि एका माणसाचा, ज्याच्या नावावर सात वर्षांपासून चोर असा शिक्का आहे. तो शिक्का खोटा आहे हे मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे.

यंदा त्या रागाला निमंत्रणपत्रिका आली. जाड कागद, सोनेरी कडा. आमच्या गावात, म्हणजे डोणगावच्या अलीकडच्या एका फाट्यावरून आत गेलं की लागतं त्या गावात, 'नूतन ई-वाचनालयाचं' उद्घाटन आहे. अध्यक्ष भाऊसाहेब. प्रमुख पाहुणी, 'आपल्या गावची सुकन्या व सुप्रसिद्ध लेखिका', मी. भाऊसाहेब हे त्याचं नाव नाही, त्याला सगळे तसं म्हणतात. मीही म्हणेन, पण क्रियापद एकेरीच लावेन. एवढा सूड तरी मला व्याकरणानं घेऊ द्यावा.

*

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा चळवळीतले. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पत्रकांचे गठ्ठे: मजुरीच्या दराचं, पाणवठ्याचं, विहाराच्या जागेचं, मोर्चाला चला म्हणणारं. उरलेली पत्रकं फळीवर डब्यांखाली अंथरायची. त्यामुळे मी अक्षरं शिकले ती डाळीच्या डब्याखालून. पहिला शब्द वाचला तो 'जाहीर'. दुसरा 'निषेध'. शाळेत बाईंनी 'माझी गाय' वर निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी शेवटी लिहिलं होतं की गाईवर होणारा अन्याय आम्ही खपवून घेणार नाही.

हे हसण्यासारखं आहे आणि सलीमचाचा खूप हसले होते. ते वाचनालयाचे ग्रंथपाल. हा शब्द फक्त मासिक अहवालात असायचा; गावाच्या लेखी ते शिंपी. दिवसभर मशीन चालवायची, पाच वाजता दुकानाला फळी लावायची आणि ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीचं कुलूप काढायचं. माझा निबंध त्यांनी दोनदा वाचला, कानामागची खडूची कांडी काढली आणि प्रत्येक उद्गारचिन्हावर फुली मारली.

"बेटा, सगळेच वाक्य बोंबलले तर ऐकायचं कोणतं?"

"बाबांच्या पत्रकात असतात."

"तुह्या बाबाले हजार लोकायले उठवायचं असते. तुले एका मास्तरणीले समजावायचं हाये."

मी ऐकलं नाही. आजही फारसं ऐकत नाही. पण फुल्या कुठे कुठे होत्या ते लक्षात आहे.

त्या खोलीतल्या पुस्तकांना नावं नव्हती, म्हणजे असून उपयोग नव्हता. नवं पुस्तक आलं की महिन्याभरात त्याचं कव्हर जायचं आणि मग चाचा त्याला आपल्या दुकानातल्या चिंध्यांचं कापड चढवायचे. कोणाच्या लग्नाच्या सूटचा उरलेला तुकडा, शाळेच्या गणवेशाची खाकी, कोणाच्या तरी झंपरचं फुलाफुलांचं पॉपलिन. मागणीही तशीच यायची. "चाचा, ते चेक्सचं द्या." "ते संपलं व, आता पाटलाच्या प्यांटीचं वाच." पाटलाच्या पँटच्या कापडात बांधलेलं ते पुस्तक एका खुनाची गोष्ट सांगायचं, आणि बरीच वर्षं माझ्या मनात तो खुनी पाटलासारखा चालत असे.

*

वेचणी सुरू झाली की गावातल्या बाया दिसेनाशा होतात. सकाळचं दव उडालं की रानात, आणि दिवेलागणीला पाठीवर गाठोडं घेऊन परत. वाचनालयाची वेळ पाच ते सात. त्या वेळेत कोणती वेचणारीण येणार? म्हणून चाचांनी एक रीत पाडली होती. नवरात्रात, वेचणी सुरू व्हायच्या आधी, त्या खोलीत बायांची गर्दी व्हायची. प्रत्येकीनं एकेक पुस्तक न्यायचं आणि ते आणून द्यायचं एकदम फरदड संपल्यावर.

कापसाच्या मुख्य वेचण्या आटोपल्या तरी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, लगेच उपटत नसत. उभ्या झाडाला मागून थोडाथोडा कापूस यायचा, लहान बोंडाचा, आखूड धाग्याचा. ती फरदड. ती वेचून संपली की हंगाम संपला. म्हणजे पुस्तक पाच-साडेपाच महिने बाहेर. नियमात हे बसत नव्हतं. त्याहून न बसणारी गोष्ट म्हणजे बाया सभासदच नव्हत्या. सभासद त्यांचे नवरे. नवऱ्याच्या नावावर पुस्तक लिहिलं तर उद्या त्यानं, नाहीतर सासऱ्यानं, हे काय वाचतेस म्हणून परत करायला लावलं की संपलं. शिवाय पुस्तक एका घरात थांबत नसे. आज कौसल्याकडे, आठ दिवसांनी तिच्या जावेकडे, मग कोणाच्या ओटीत बसून भलत्याच शिवारात. तेव्हा रजिस्टरमध्ये नाव कोणाचं लिहायचं?

"हंगामावर गेलं हाये, हंगामाचंच नाव लिहितो," चाचा म्हणायचे, आणि वाचकाच्या नावाच्या रकान्यात आपल्या तिरप्या अक्षरात लिहायचे: फरदड.

पानच्या पान. फरदड, फरदड, फरदड. कुणाला त्याचं काही वाटत नसे. होळीच्या सुमारास पुस्तकं परत यायची. मधल्या पानांत कापसाचे तंतू अडकलेले, कुठे हळदीचं बोट, एकदा एका पुस्तकात वाळलेली मिरची खुणेसाठी ठेवलेली. चाचा फुंकर मारून पानं उलटायचे आणि रजिस्टरात 'जमा' लिहायचे. एकही पुस्तक कधी हरवलं नव्हतं.

कौसल्या म्हणजे माझी आई. सातवी पास, त्यामुळे तिच्या टोळीत वाचून दाखवायचं काम तिचं. दुपारी बाभळीखाली भाकरी सोडल्या की ती ओटीतून पुस्तक काढायची. हाताला कापसाचा कचरा, म्हणून पान पदराच्या टोकानं उलटायची. मी शाळा बुडवून कधी सोबत गेले की ऐकायला बसायचे. एका वर्षी तिच्याकडे मेंदीच्या रंगाच्या टेरिकॉटमध्ये बांधलेलं एक जाड पुस्तक आलं होतं. जहाजातून प्रवास करणाऱ्या एका बाईचं. आमच्यापैकी कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता.

"इतकं पाणी अन् पेता येत नाही म्हणते?" एक जण म्हणाली.

"खारं असते ना व."

"मंग काय कामाचं? आमच्या नळासारखंच झालं की."

हसून हसून भाकरी नाकात गेली. मालक धुऱ्यावरून ओरडला, "काय चाललं हाये तिकडे?" आई मोठ्यानं म्हणाली, "जहाज चाललं हाये, दादा." आणि पुस्तक ओटीत गेलं.

*

ते मेंदीचं पुस्तक दुसऱ्यांदा आईकडे आलं त्या वर्षी मी वीस वर्षांची होते. गुलाबी बोंडअळीचं वर्ष. या कपाशीला अळी लागतच नाही असं सांगून ज्यांनी पाकिटं विकली, त्यांच्याच दुकानांसमोर लोक किडकी बोंडं घेऊन उभे होते. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी गुलाबी, अंगठ्याच्या नखाएवढी, निवांत. कृषी खात्याचे लोक गाडीवर भोंगा लावून सांगत फिरत होते की फरदड घेऊ नका, पऱ्हाटी उपटा, नाहीतर पुढच्या वर्षीही अळी. लोकांनी उपटली. हंगाम मधेच तुटला. पुस्तकं मात्र घरोघरी तशीच होती. होळी अजून लांब होती.

नेमकं तेव्हाच भाऊसाहेबाच्या मनात वाचनालय आधुनिक करायचं आलं. तो वाचनालयाचा अध्यक्ष. आणि फाट्यावरच्या बी-बियाण्यांच्या दुकानाचा मालक. कुठल्याशा योजनेतून दहा ई-रीडर मिळत होते. पुस्तकांसारखे वाचायचे, पातळ, काळ्या चौकटीचे. गावानं पाहताक्षणी त्यांचं नाव ठेवलं, पाटी. योजनेसाठी आधी जुन्या पुस्तकांची यादी संगणकावर द्यायची होती. ती करायला शहरातून एक टायपिंगवाला आला. त्यानं रजिस्टर समोर ठेवलं आणि इमानदारीनं, रकाना पाहून, टाइप केलं. वाचकाचं नाव: फरदड. येणे पुस्तकं: अडतीस.

दोन दिवसांनी वाचनालयाच्या दारावर छापील नोटीस लागली. 'श्री. फरदड यांनी त्यांच्याकडील अडतीस पुस्तकं आठ दिवसांत जमा करावीत, अन्यथा त्यांच्यावर पोलीस कारवाई करण्यात येईल. हुकुमावरून.' खाली भाऊसाहेबाची सही.

गाव एक अख्खा दिवस हसलं. पानठेल्यावर लोक एकमेकांना विचारत होते, "काय बे, फरदड सापडला का?" "धाड गावाले पळाला म्हणते, बाजाराच्या जीपमधी." कपाशीचं बियाणं विकणारा माणूस फरदडीला पोलिसांची धमकी देतो, यापेक्षा मोठा विनोद आमच्या पंचक्रोशीत तोवर झाला नव्हता.

तिथेच थांबायला हवं होतं. पण ज्याच्यावर गाव हसतं त्याला राग काढायला कोणीतरी दुसरा लागतो. भाऊसाहेबानं ग्रामपंचायतीत सभा लावली आणि चाचांना उभं केलं.

"हा फरदड कोण हाये सलीम? दाखव मले. आधार कार्ड हाये का त्याचं?"

चाचा म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी सरकी विकता. तुमाले फरदड माहीत नाही?"

पुन्हा हशा. भाऊसाहेबाचा कान लाल झालेला मी स्वतः पाहिला. मग त्यानं आवाज खाली आणला. असा माणूस आवाज खाली आणतो तेव्हाच भ्यावं.

"म्हंजे खोट्या नावावर अडतीस पुस्तकं बाहेर गेली, हे तू कबूल करून राह्यला. बराबर? मंग ज्यायले देल्ली त्यायची खरी नावं सांग. नाही तर तूच विकली असं आमी समजतो."

चाचांनी कानामागची खडूची कांडी काढून खिशात ठेवली.

"सांग ना. आता काऊन बोलत नाही?"

"नाही सांगत," चाचा म्हणाले.

एका मुसलमान माणसानं भरसभेत गावातल्या बायांची नावं घ्यायची, अमकीला मी पुस्तक दिलं, तमकीला दिलं, नवऱ्याला न विचारता दिलं. त्याचं पुढे काय होतं हे चाचांना माहीत होतं. भाऊसाहेबालाही नीट माहीत होतं. म्हणूनच तो विचारत होता. आणि त्या सभेत, भिंतीशी, पदर पुढे ओढून त्या अडतिसांपैकी निदान पंधरा जणी उभ्या होत्या. एकीनं तोंड उघडलं नाही. पोलीस हा शब्द नोटिशीत छापलेला होता.

चाचांचं काम गेलं. त्यांच्यावर तक्रार कोणी केली नाही, कारण तक्रार केली तर चौकशी होते. नुसतं गावात राहू दिलं, चोर म्हणून. हळूहळू कपडेही लोक दुसरीकडे टाकायला लागले.

*

वाचनालयात उरलेली पुस्तकं नेली ती टेम्पोनं. कपाटं रिकामी करायची होती, तिथे पाट्यांचं चार्जिंग बसवायचं होतं. रद्दीवाल्यानं चेक्सचं, खाकीचं, फुलाफुलांचं, सगळं ताडपत्रीखाली दाबलं. पाटलाची पँट वर राहिली होती. मी टेम्पोच्या मागे धावले नाही. असं काही मी लिहिणार नाही, जे केलं नाही. मी ग्रामपंचायतीच्या पायरीवर उभी राहून टेम्पोचा नंबर पाठ केला. अजून पाठ आहे. त्याचा काय उपयोग करायचा, ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. पण विसरायचं नाही एवढं ठरवलं होतं.

त्या वेळच्या, पहिल्या उद्घाटनाला भाऊसाहेब म्हणाला, "एका पाटीत हजार पुस्तकं! मंडळी, आता जुनं वाण सोडा." टाळ्या पडल्या. पाट्या कपाटात कुलूपबंद, किल्ली त्याच्या दुकानात. वाचायचं तिथेच बसून, नावानिशी सही करून. बाया कशाला जातील? वर्षभरानं कुठलंसं सदस्यत्व संपलं आणि हजार पुस्तकं एका सकाळी गेली. पाटी उघडली की 'नूतनीकरण करा' एवढंच. ना टेम्पो लागला, ना ताडपत्री.

पूर्वी लोक सरकी घरची ठेवायचे. चांगल्या झाडाची बोंडं वेगळी वेचायची, सरकी राखेत घोळून मडक्यात. शेजारणीचं बी नासलं तर ओंजळभर तिला द्यायचं. पाकिटातलं बी आलं आणि हे संपलं. ते पेरता येतं, पण त्याचंच पुन्हा पेरलं तर तसं येत नाही. दर मृगाला पुन्हा दुकान. भाऊसाहेबाला पाटी का आवडली हे मला फार लवकर कळलं होतं. तिच्यातलं पुस्तक वाचता येतं, देता येत नाही. बाभळीखालून दुसऱ्या शिवारात जात नाही. सासूपासून लपवता येत नाही, कारण कोण काय वाचतं, कितव्या पानावर थांबलं, हे पाटीला माहीत असतं. चाचांच्या रजिस्टरला माहीत नव्हतं. मुद्दाम माहीत नव्हतं. त्या एका न लिहिलेल्या नावात जेवढी अक्कल होती, तेवढी दहा पाट्यांत मिळून नव्हती.

हे सगळं मी आज एका पाटीवरच वाचत, टिपणं काढत लिहिते आहे, हेही सांगून टाकते. शहरात भाड्याच्या खोलीत पुस्तकं ठेवायला जागा नाही. दोन वर्षांपूर्वी मी ई-रीडर घेतला. पहिल्यांदा घरी आणला तेव्हा आईपासून लपवला होता, दारू प्यायल्यासारखा. तिनं पिशवीत पाहिलाच. मग मी शिकवलं आणि अक्षर मोठं करून दिलं. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे. तिनं तासभर मान वर केली नाही.

मी म्हटलं, "पण पुस्तकाचा वास नाही ना येत याला."

"वास घ्याले फुलं हायेत. डोये गेल्यावर मले अक्षर पाह्यजे, वास काय करू?" आणि मग, अंगठ्यानं पान पुढे सरकवत, "पण हे तू गेली की संग नेशील. टोळीतल्या गंगीले कसं देऊ?"

यंत्रावर माझा राग नाही. पाटी कोणाच्या हातात आहे आणि किल्ली कोणाच्या दुकानात आहे, राग त्यावर आहे.

*

आता ते, जे मी सात वर्षं लिहिलेलं नाही.

सभेनंतर तिसऱ्या दिवशी मी घरात सरकीच्या पोत्यामागे हात घातला आणि टेरिकॉट लागलं. मेंदीचं. आई चुलीपुढे होती. मी पुस्तक दाखवलं तशी तिनं पटकन दार लोटलं.

"ठेव. ठेव म्हणते ना."

"आई, चाचांना चोर म्हणताहेत."

"नोटीस वाचली ना तू? पोलीस लिव्हलं हाये. तुह्या बाबाच्या मागं आधीच एक केस हाये. तोंड उघडू नको."

मी पुस्तक परत पोत्यामागे ठेवलं. आणि मग, मला जे येतं ते केलं. पत्रक लिहिलं.

ते पत्रक अजून लोकांच्या तोंडी आहे. 'मी, फरदड, राहणार गावचं प्रत्येक रान,' असं सुरू होणारं. फरदडीनं भाऊसाहेबाला लिहिलेलं उत्तर. 'आपण मला ओळखत नाही याचं नवल वाटलं, कारण आपण विकलेल्या पाकिटांतून मूळ पीकच न आल्यानं मी यंदा जन्मलोच नाही. न जन्मलेल्यावर कारवाई कशी करणार?' मेहकरला छापलं आणि बाजाराच्या दिवशी स्वतः वाटलं. उद्गारचिन्ह एकही नव्हतं. बाजार असा हसला की भजीवाल्यानं कागद पुड्यासाठी न वापरता खिशात ठेवला. भाऊसाहेबाचं नाव त्या दिवसापासून फरदडभाऊ पडलं ते आजतागायत. त्यानं माझ्यासमोर पत्रकाचे चार तुकडे केले आणि थुंकला. मला इतकं बरं वाटलं की मी ते तुकडे उचलून ठेवले.

एक प्रत घेऊन चाचांच्या दुकानात गेले. त्यांनी चष्मा लावून वाचलं. दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं. हसले. मग कागद उलटा केला, मागची बाजू पाहिली. कोरी होती.

"झकास हाये बेटा. पण म्या चोरी नाही केली, हे कोठी लिव्हलं हाये?"

मी म्हटलं, "ते सगळ्यांना कळतंच ना, चाचा."

"हां," ते म्हणाले. "कळते."

आणि कागदाची घडी घालून मशीनच्या खणात ठेवली.

मी विसरले नव्हते. ते वाक्य लिहायचं तर पुरावा लागला असता, आणि पुरावा आमच्या पोत्यामागे होता. मी भाऊसाहेबावर सूड घेतला आणि त्याच कागदात चाचांना विकलं. बाजार हसून घरी गेला, आणि हसणाऱ्यांपैकी एकालाही वाटलं नाही की आता सलीमकडे पुन्हा पँट शिवायला टाकावी. पुढच्या पेरणीआधी ते मलकापूरला लेकीकडे गेले. मी मलकापूरहून कितीदा रेल्वे पकडली. स्टेशनापासून चार गल्ल्या. दरवेळी गाडीला वेळ असतो. दरवेळी मी फलाटावरच बसून वाचते.

*

निमंत्रण आल्यावर मी भाषण लिहिलं. पाहुणी मीच, आवाज माझा, माईक त्याचा: असा सूड कोणाला मिळतो? टेम्पो, किल्ली, पाकिटं, कान लाल होणं, सगळं घातलं. परवा संध्याकाळी आईला वाचून दाखवलं. ती वेचणीहून आली होती, केसांतून कापसाचे तंतू काढत ऐकत होती. मधे दोनदा हसली. संपल्यावर म्हणाली, "चांगलं हाणलं. लोकं टाळ्या वाजवतीन. मंग?"

"मंग काय?"

"मंग तो चहा पाजील अन् तू गाडीत बसशील. सलीमभाऊ चोरचा चोरच."

मी भाषणाचे कागद खाली ठेवले. ती उठली, पेटी उघडली, आणि लुगड्यांच्या तळातून मेंदीचं पुस्तक काढून माझ्या मांडीवर टाकलं.

"माह्यं नाव लिव्ह."

"आई, बाबा नाहीत आता. लोक तुला नावं ठेवतील. चोर म्हणतील."

"त्याले सात वर्सं म्हणले. म्या कायले ऐकू नये?"

"आणि बाकीच्या जणी?"

"काल गेली होती मी. चौघींच्या घरी. तिघी म्हणाल्या आमाले काई आठवत नाही. गंगी म्हणाली, लिव्ह माह्यं बी." ती थांबली. "दोन झाले. अडतीसात दोन कमी नाहीत. अन् हे पुस्तक घेऊन मलकापूरले मी जाईन. एकटी. तू येऊ नको, तू गेली की बोलत बसशील."

मग तिनं माझं भाषण हातात घेतलं, लांब धरून अक्षर जमतं का पाहिलं, जमलं नाही, परत दिलं. "हे सगळं काढ. त्याच्याबद्दल बोलू नको, त्याले तेच पाह्यजे. या पुस्तकाबद्दल बोल."

काढताना फार जिवावर आलं. भाऊसाहेबावरची काही वाक्यं खरंच चांगली होती. ती मी वर थोडी वापरून घेतली आहेत. आईनं पाहिलं नाही तोवर चालेल.

उद्घाटन रविवारी आहे. हा लेख त्याआधी छापून येईल असं संपादकांनी कबूल केलं आहे, आणि ते मी मुद्दाम मागून घेतलं. आमच्याकडे ऐनवेळी माईक बंद पडतात. पडला तरी हरकत नाही. मी रविवारी एवढंच वाचणार आहे:

आपल्या वाचनालयाचे ग्रंथपाल शेख सलीम शेख रहीम यांनी एकही पुस्तक चोरलं नाही, विकलं नाही. पुस्तकं गावातल्या बायांनी वाचायला नेली होती. एक कौसल्या भीमराव वानखडे यांच्याकडे होतं, एक गंगूबाई सुखदेव जाधव यांच्याकडे. बाकीच्यांची नावं सलीमभाईंनी सांगितली नाहीत, म्हणून मीही सांगणार नाही. ज्यांची त्यांनी सांगावीत. कौसल्याबाई माझी आई. पुस्तक आमच्या घरी सरकीच्या पोत्यामागे होतं. सभा झाली त्या आठवड्यात ते मी माझ्या हातानं काढलं, पाहिलं, आणि परत मागे ठेवलं.